महजर आणि ठराव : माणिकगडच्या डोंगरातील स्थळरक्षणाच्या कागदांची चिकित्सा

ज्या कागदास शंभर-सव्वाशे वर्षे लोटली नाहीत त्याची गणना साधनांत करू नये, असा एक अलिखित दंडक आपल्या संशोधकवर्गात फार दिवस चालत आला आहे. तो कसा पडला हे समजण्यासारखे आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला त्या काळी घरोघरची जुनी दफ्तरे वाळवीच्या व रद्दीच्या तोंडी पडत होती, आणि जे नाहीसे होत आहे ते आधी वाचवावे हा न्याय त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी स्वीकारला. न्याय आजही तोच आहे. मात्र आज नाहीसे होत असलेले कागद सारेच जुने नाहीत, इतके आपण ध्यानात घेतलेले दिसत नाही.

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत गेल्या चाळीस वर्षांत एका निराळ्या जातीचे कागद निर्माण झाले आहेत. कोठे धरण, कोठे लोखंडाची अगर चुनखडीची खाण, कोठे खाणीकडे जाणारी सडक योजिली गेली म्हणजे आसपासच्या गावांची सभा भरते. हा डोंगर आमच्या देवाचा, ही आमची शीव, येथे आमची माणसे पुरलेली, असे सभा सांगते. गावातील एखादा शिकलेला तरुण ते लिहून काढतो. खाली सह्या व अंगठे होतात. अशा सभांचे ठराव, वनहक्काच्या दाव्यांच्या नस्ती, हरकतीचे अर्ज आणि यात्रेत वाटलेली पत्रके यांचे परीक्षण करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. हे कागद वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी पाहिले, वकिलांनी पाहिले, कारखानदारांच्या मुनिमांनीही पाहिले. कागद पाहणे हाच ज्यांचा व्यासंग, त्यांनी मात्र ते पाहिले नाहीत.

आमचे म्हणणे असे की, हे कागद महजर होत. आणि महजरास आपण जी कसोटी लावतो ती यांस लावल्यावाचून त्यांचे मोल कळणार नाही, मग तो कळवळ्याने वाचणारा असो की तिरस्काराने.

महजर म्हणजे काय हे या पृष्ठांच्या वाचकांस सांगणे नको. तरी तुलनेपुरती त्याची अंगे आठवू. आरंभी हाजिर मजालस, म्हणजे सभेस कोण कोण हजर होते त्यांची नावे, हुद्द्यांसह. मग वादी-प्रतिवादींच्या तकरिरी. मग साक्षीदारांचे बोलणे. मग निर्णय, आणि हरलेल्याकडून यजितखत. खाली पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदाराची निशाणी त्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. आजच्या ठरावाखाली 'निशाणी अंगठा' असे लिहिलेले असते. नांगर गेला व अंगठा आला, शब्द मात्र तोच राहिला, ही गोष्ट आम्हांस केवळ गमतीची वाटत नाही. लिहिता न येणाऱ्या माणसाचे बोलणे कागदावर बांधून ठेवण्याची रीत खंडली नाही, एवढे तिच्यावरून दिसते. एका बाबतीत तर नवा कागद जुन्याहून सरस आहे. जुन्या महजरात स्त्रीचे नाव आढळलेच तर ते बहुधा एखाद्या वतनदाराच्या विधवेचे असते. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे ग्रामसभेस निम्मे सभासद हजर लागतात, व हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

शिवेच्या वादाकडे पाहिले तर ही परंपरा महजराच्याही मागे जाते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमाविवादाचे जे प्रकरण आहे त्यात शिवेची चिन्हे कोणती धरावीत ते सांगितले आहे : वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड असे दीर्घायुषी वृक्ष, तळी, विहिरी, पाट, आणि शिवेवरची देवालये. यांशिवाय दगड, हाडे, कोळसे, खापऱ्या अशी गुप्त चिन्हे जमिनीत पुरून ठेवण्यास स्मृतिकार सांगतात, कारण शिवेविषयी माणसांचा नेहमी घोटाळा होतो हे त्यांनी पाहिलेले आहे. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे व माळा घालून शीव दाखवावी. आणि शेजारच्या गावचे साक्षी न मिळाले तर कोणास विचारावे? पारधी, फासेपारधी, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, गारुडी, सरवा वेचणारे व इतर वनचर यांस. याज्ञवल्क्यानेही आपल्या व्यवहाराध्यायात सीमेच्या साक्षीदारांत वनात वावरणारांस जागा दिली आहे. आता हे खरे की मनूने या मंडळींस शेवटच्या पंक्तीस बसविले. सामंत व मौल न सापडले तरच त्यांजकडे जावे असा क्रम आहे. परंतु अरण्याची शीव अरण्यात हिंडणाऱ्यास ठाऊक असते ही गोष्ट नाकारणे त्यासही शक्य झाले नाही. पळस आणि सावर या दोन वृक्षांवाचून माणिकगडच्या डोंगरातले एकही खोरे नाही, हेही जाता जाता नमूद करतो.

आता 'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' याखालील नियमांतला तेरावा नियम पाहावा. दाव्यास पुरावा काय चालेल याची त्यात गणना आहे. गॅझेटियरे, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, पूर्वीच्या संस्थानांनी दिलेले हक्क-सवलतींचे लेख, विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थळे यांसारख्या प्राचीनत्व दाखविणाऱ्या वास्तू, वंशावळी, नामांकित संस्थांनी केलेल्या रूढिपरंपरांच्या नोंदी, आणि खुद्द दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. सामूहिक हक्कासाठी आणखी देवराया, पवित्र वृक्ष, तळी, नदीकाठ, स्मशाने. स्मृतिकारांची चिन्हांची यादी व ही यादी शेजारी ठेवून वाचावी. नियम लिहिणाऱ्यांनी स्मृती पाहिली असेल असे आम्हांस मुळीच वाटत नाही; शिवेच्या प्रश्नास दोन काळांत एकच उत्तर मिळाले, इतकेच. मात्र एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून सुटू नये. या यादीतील निम्मी साधने अशी आहेत की ती शोधणे, वाचणे व त्यांची सत्यासत्यता ठरविणे हे खेड्यातल्या माणसाचे काम नसून इतिहासमंडळांचे आहे.

ओरिसातील नियमगिरीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील बॉक्साइटच्या खाणीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी असा निर्णय दिला की, डोंगरिया कोंध लोकांचे धार्मिक व सांस्कृतिक हक्क आहेत किंवा कसे याचा विचार त्यांच्या ग्रामसभांनी करावा, व त्या सभांस जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून हजर राहावा. जुलै-ऑगस्टात बारा गावी सभा झाल्या. बाराही सभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली. महजराच्या कसोटीने पाहिले तर या कागदांचे बळ कशात आहे? सभा ज्या डोंगराविषयी बोलत होती त्या डोंगरातच भरली. बोलणारांची नावे लिहिली गेली. व ज्याचा निकालात स्वार्थ नाही असा माणूस समोर बसला होता. दोषही आहे. डोंगराच्या आसऱ्याने शंभरावर गावे राहतात, त्यांतून बाराच निवडली गेली, व ती निवड राज्य सरकारची. हाजिर मजालशीत कोणास घ्यावे हे वादातल्या एका पक्षाने ठरवावे, याबद्दल गोतसभेत खचित तक्रार झाली असती.

याच्या उलट सूरजागड. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे व दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. २००७ साली या डोंगरातील सुमारे ३४८ हेक्टर जमीन लोहखनिजासाठी पट्ट्याने देण्यात आली. २०१६ पासून खनिज निघू लागले. इलाख्यातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, यात्रेतही ते वाचले गेले. खाण वाढविण्याच्या योजनेवर २०२२ च्या ऑक्टोबरात जनसुनावणी झाली ती एटापल्लीस नव्हे. ती गडचिरोलीस, जिल्ह्याच्या कचेरीत झाली. पुढच्या मार्चात वर्षाला एक कोटी टनांपर्यंत खनिज काढण्यास पर्यावरणाची मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात तोडगट्टा येथे नव्या खाणी व सडका यांविरुद्ध लोक ठिय्या देऊन बसले, ते नोव्हेंबरात उठविण्यात येईपर्यंत बसून होते.

खाण असावी की नसावी हा प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा असे म्हणून बाजूस सरणे आम्हांस सोपे होते. परंतु सुनावणीच्या जागेचा प्रश्न कक्षेबाहेरचा नाही. तो कागदाच्या प्रामाण्याचा आहे. शिवेचा महजर शिवेवर होत असे. पंच, दोन्ही गावचे गोत व साक्षीदार त्या जागी जात, झाड दाखवीत, धोंडा दाखवीत. देव जेथे आहे तेथून पुष्कळ कोस दूर बसून त्या देवाविषयी घेतलेली तकरीर कोणताही साक्षेपी संपादक दुय्यम प्रतीचा पुरावा म्हणून बाजूस ठेवील. आम्हीही तसेच म्हणतो. त्या सुनावणीच्या टिपणांवरून सूरजागडच्या लोकांचे मत काढू पाहणाऱ्या भावी इतिहासकाराने, सभा कोठे भरली, तेथवर कोणास पोहोचता आले व कोणास आले नाही, हे आधी विचारावे.

आतापर्यंत आम्ही लोकांच्या बाजूचे बोललो. आता त्यांच्या कागदांतील दोष सांगितले पाहिजेत, नाहीतर ही चिकित्सा न होता गौरव होईल.

पहिला व सर्वांत मोठा दोष एकसुरीपणाचा. निरनिराळ्या गावांचे ठराव पुष्कळदा शब्दशः सारखे असतात. एका कार्यकर्त्याने एक मसुदा करावा व गावाचे नाव तेवढे बदलून पंचवीस गावांनी तो उतरावा, असा प्रकार. ज्याने आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या त्याला एका वहीवरून साऱ्या वर्गाने उतरलेले उत्तर दुरून ओळखू येते, आणि सरकारी कारकुनासही येते. असा ठराव खोटा असतो असे नव्हे. परंतु त्यात गाव बोलत नाही, मसुदा बोलतो. 'जल, जंगल, जमीन' ही तीन पदे आली की लेखकाचे काम भागले असे होते. कोणती नदी? जंगलातले कोणते स्थळ? त्या स्थळाला गोंडीत अगर कोलामीत काय म्हणतात? पूजा कोणत्या महिन्यात, कोणत्या कुळीचा माणूस करतो? ठरावात बहुधा हेच नसते.

दुसरा दोष भाषेचा, व त्यास लोक जबाबदार नाहीत. सभा गोंडीत, माडियात, कोलामीत अगर बंजारा बोलीत होते व ठराव मराठीत लिहिला जातो. 'पेन' या शब्दाच्या जागी 'देव' लिहिले की अर्थ अर्धा गळतो; कारण पेन हा कुळीशी बांधलेला असतो, त्याचे स्थान, त्याचे सगेसोयरे, त्याची वाट ठरलेली असते. फारसी कागदाचे भाषांतर छापताना आपण मूळ शब्द कंसात देतो. गोंडी शब्द देवनागरीत जसाच्या तसा द्यावा व मग अर्थ द्यावा, एवढे तरी ठराव लिहिणाऱ्यांस कोणी शिकवावयास हवे होते.

तिसरा दोष अतिशयोक्तीचा. त्याकडे माणिकगडच्या संदर्भात पुढे येऊ.

या दोषांपासून बऱ्याच अंशी मुक्त अशी नस्त पाहावयाची असेल तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे जावे. १९८४ च्या सुमारास इचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील योजलेल्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' हे आंदोलन उभे राहिले. लालश्याम शाह व बाबा आमटे हे त्याचे पुढारी. ती धरणे झाली नाहीत. त्या चळवळीच्या वातावरणातून मेंढ्याची ग्रामसभा घडली. तिने अभ्यासगट बसविला, निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत पाडली, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर तिचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशातील अगदी पहिल्यांपैकी एक. या यशाचे श्रेय पुढाऱ्यांस व कायद्यास दिले जाते, ते योग्यच आहे. आमच्या मते त्यात एक वाटा सभेच्या टिपणवहीचा आहे. वर्षानुवर्षे सभेत काय बोलले गेले ते गावाने लिहून ठेवले, म्हणून मागण्याची वेळ आली तेव्हा काय मागावे हे गावास नेमके ठाऊक होते. त्या १९८४ च्या पत्रकांस आज चाळीसांवर वर्षे झाली. कागद स्वस्त, शाई फिकट. किती संग्रहांत ती आहेत?

आता आमच्या मूळ विषयाकडे, जिवती व माणिकगडचा डोंगर यांकडे येतो. येथे कागदांची अडचण आणखीच बिकट आहे, आणि तिचे कारण इतिहासात आहे.

चांदा जिल्ह्याचा इंग्रजी अंमलातील अभ्यास करणाऱ्याच्या हाती दोन पुस्तके असतात : मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी-अहवाल आणि १९०९ चे जिल्हा गॅझेटियर. दोन्ही परिश्रमपूर्वक लिहिलेली आहेत, पण दोन्हींची मजल वर्धा नदीच्या काठी संपते. कारण नदीपलीकडचा राजुरा तालुका, व त्यात माणिकगडचा डोंगर, हा निजामाच्या मुलखात होता. १९०५ पासून तो आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला तो नांदेड जिल्ह्यात घातला गेला, आणि १९५९ साली तेथून काढून चांद्यास जोडला गेला. जिवती हा त्याच जुन्या राजुऱ्यातून पुढे निघालेला तालुका. म्हणजे या डोंगरातील एखाद्या कोलाम पोडाचा किंवा गोंड गुड्याचा जुना उल्लेख शोधावयाचा तर चंद्रपूरच्या दफ्तरात तो मिळावयाचा नाही. शोध हैद्राबादच्या दफ्तरखान्यात घ्यावा लागतो, आणि ते कागद आधी फारसीत व पुढे उर्दूत आहेत. चंद्रपूरच्या इतिहासावर लिहिणारे लेखक आपल्या नकाशातला हा कोपरा दोन-चार ओळींत उरकतात त्याचे कारण हेच. आणि नियम सांगतो की गॅझेटियर दाखवा!

एवढ्याने भागत नाही. याच डोंगरातील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. दोन्हींकडच्या मतदारयाद्यांत त्या गावांतील नावे आहेत, दोन्हींकडच्या शिधापत्रिका घरांत आहेत. बंजारा कुटुंब तेलंगणाच्या बाजूने अनुसूचित जमातीत धरले जाते व महाराष्ट्राच्या बाजूने विमुक्त जातीत. म्हणजे वनहक्काच्या कायद्यात एकाच घराला दोन निरनिराळ्या कसोट्या लागू होऊ शकतात. पौष महिन्यात गोंडांच्या कुळ्या ज्या जंगुबाईच्या गुहेस जातात ती याच सीमेवर, महाराजगुडा-परांदोळीच्या परिसरात आहे. देवीच्या यात्रेकरूस दोन राज्यांची शीव दिसत नाही. दफ्तराला मात्र तिच्यावाचून दुसरे काही दिसत नाही.

या मुलखाविषयी साधार लिहिणारा पहिला अभ्यासक म्हणजे क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीमू मारला गेला. त्यानंतरच्या वर्षांत निजाम सरकारने या पंडितास आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास लावले. त्याचे 'ट्रायबल हैद्राबाद' १९४५ साली व 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' १९४८ साली निघाले. दुसऱ्या ग्रंथात कुळ्यांच्या कथा, पेनांची स्थाने व परधानांच्या गायनातली परंपरा आहे. कोलाम हे डोंगराचे आधीचे रहिवासी, म्हणून स्थानिक देवतांच्या पूजेस गोंडही कोलाम पुजारी बोलावतात, हे निरीक्षण त्याने नोंदले आहे. तेराव्या नियमात रूढिपरंपरांच्या नोंदींचे जे कलम आहे त्याखाली हे ग्रंथ सरळ येतात. ग्रंथकार परकी, त्याचा आश्रयदाता निजाम, व उठाव पुन्हा होऊ नये हा सरकारचा हेतू, हे सारे लक्षात घेऊन ते वाचावेत, पण वाचावेत. मराठीत त्यांचा उपयोग करून लिहिलेला एखादा दावा दाखविता आला तर आम्हांस आनंद होईल.

हा डोंगर चुनखडीचा आहे. गडचांदूर, नांदा, आवारपूर या बाजूस सिमेंटचे कारखाने उभे राहिले व चुनखडीच्या खाणी डोंगराकडे सरकत आल्या. कुसुंबी येथील खाणीसाठी गेलेल्या जमिनींविषयी कोलाम कुटुंबांची तक्रार कैक वर्षांची आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक, व आदिम जमातींस निवासक्षेत्राचा हक्क कायद्याने निराळा दिलेला आहे. तो मागावयाचा तर निवासक्षेत्राची शीव सांगावी लागते. आणि ती शीव कागदावर नाही, पुजाऱ्याच्या तोंडी आहे. असा पुजारी मेला म्हणजे एक दफ्तर गेले असे समजावे.

येथेच अतिशयोक्तीच्या दोषाचा विचार प्राप्त होतो. माणिकगडच्या रक्षणाविषयी तळमळीने बोलणारे लोक किल्ल्याचे वय सांगताना हात आखडत नाहीत. परंपरा किल्ल्याचे कर्तृत्व माना-नागवंशी गहिलू नावाच्या सरदारास देते, व त्यावरून तो नवव्या शतकातला असे बेधडक लिहिले जाते. किल्ल्याच्या दारावर नाग कोरलेला आहे हे खरे. परंतु नाग पाहून वंश ठरविणे व वंश ऐकून शतक ठरविणे या दोन उड्या आहेत, आणि दुसरीखाली जमीन नाही. लिखित उल्लेख हवा असेल तर ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत 'माणिकदुर्ग' आलेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा डोंगर एका सरकाराचे ठाणे होता, एवढे त्यावरून निःशंकपणे म्हणता येते, आणि ते थोडे नाही. गहिलूची कथा फेकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती कथा माना लोकांनी डोंगरावर सांगितलेल्या नात्याचा पुरावा आहे. बांधकामाच्या तारखेचा नव्हे. शिवाय स्थळरक्षणास नवव्या शतकाची गरजच काय? कायदा प्राचीनत्व मागतो ते वापराचे मागतो. देवास गेल्या वर्षी कोणी कोंबडे वाहिले, त्याच्या बापाने वाहिले होते काय, आज्याने वाहिले होते काय, हे सिद्ध झाले की पुरे. हजार वर्षांचा दावा करून तो कोसळला म्हणजे शंभर वर्षांचा खरा दावाही त्याच्याखाली दडपतो.

वापराच्या काळाचा हा हिशेब जिवतीत फार निकराचा आहे. जो अनुसूचित जमातीचा नाही त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वनात वास्तव्य असल्याचे दाखविले पाहिजे. ती तारीख १३ डिसेंबर १९३० वर जाते, निजामी दफ्तरात फसली १३४० वर. महसुलाची पावती, पाहणीचा उतारा, चराईच्या आकाराची नोंद, वनखात्याने केलेल्या दंडाची पावतीसुद्धा, असा उर्दूतला एक कपटा एखाद्या घराला जमिनीवर ठेवू शकतो किंवा तिच्यावरून उठवू शकतो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून जी कुटुंबे या डोंगरात आली त्यांस असा कपटा येथे मिळावयाचा नाही. त्यांचा प्रश्न सरकारने निराळ्या मार्गाने सोडवावयाचा आहे, आणि तो सोडविला पाहिजे. त्यांच्यासाठी कोणी जुना कागद 'तयार' करू नये. वतनाच्या वादांत बनावट महजर किती झाले हे आपण जाणतो, व एक बनावट महजर पकडला गेला म्हणजे त्या घराण्याचे अस्सल कागदही किती काळ संशयात राहतात, हेही जाणतो.

२०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस एकाएकी भाव आला, ही गंमत आम्ही पाहिली. ज्या लिप्या शिकवण्यास विद्यार्थी मिळत नव्हते त्यांच्या वर्गांची चौकशी सुरू झाली. माणिकगडच्या डोंगरासाठी अशी समिती कोणी नेमलेली नाही. तेथील लोकांच्या पाठीशी मतांचे मोठे गाठोडे नाही, हेच त्याचे कारण असावे.

तेव्हा काम संग्राहकांवर येते. आमच्या परिचयाच्या कित्येक संग्रहांत निजामी अमदानीचे सुटे कागद आहेत. मोहोर सुंदर आहे म्हणून घेतलेले, अक्षर चांगले आहे म्हणून चौकटीत लावलेले. राजुरा, आसिफाबाद, आदिलाबाद या नावांचे कागद कोणाजवळ असतील त्यांनी अस्सल आपल्याजवळच ठेवावेत, पण त्यांची नक्कल, देवनागरी लिप्यंतर व मराठी भाषांतर करून ज्या गावाचे नाव त्यात असेल त्या गावाच्या वनहक्क समितीस द्यावे, आणि कागद कोणाकडून, कोठून, केव्हा मिळाला हे नक्कलेवर लिहावे. उलट दिशेने, ग्रामसभांचे ठराव, हजेरीची पाने व हरकतीचे अर्ज यांच्या प्रती मागून घेऊन मंडळांच्या दफ्तरांत ठेवाव्यात. सभेचे ठिकाण व ठराव लिहिणाऱ्याचे नाव विचारून त्यावर टिपावे. वाचताना फसली सनात ५९० मिळवून इसवी सन काढावा, आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांस ५९१ मिळवावेत. आजूर, दै, बहमन ही महिन्यांची नावे पुसट झालेली असली तरी भिंगाखाली धरून वाचल्यावाचून सोडू नयेत. १३ डिसेंबर १९३० ही तारीख फसली १३४० च्या तिसऱ्या महिन्यात, बहमनात पडते.